परकीय कर्ज : चलनाचा उतार आणि हमीची किंमत

नवी दिल्ली : मंडी हाऊसच्या चौकातून इंडिया गेटच्या दिशेने जाणाऱ्या रस्त्याला कोपर्निकस मार्ग असे नाव आहे. दूरदर्शन भवन आणि कामानी सभागृह याच मार्गावर आहेत. जुने महाराष्ट्र सदनही येथेच आहे. सूर्य स्थिर असून पृथ्वी त्याच्याभोवती फिरते, असा सिद्धांत मांडणारा खगोलशास्त्रज्ञ म्हणून निकोलस कोपर्निकस सर्वांना ठाऊक आहे. त्याने चलनाच्या मूल्याविषयी एक निबंधही लिहिला होता, हे मात्र फारसे कोणाला माहीत नसते. १५२२ मध्ये त्याने प्रशियाच्या प्रतिनिधी सभेपुढे आपले विचार मांडले आणि पुढे त्यांना ग्रंथरूप दिले. अंतर्गत कलह, मनुष्यहानी, नापीक जमीन आणि चलनाची घसरण या चार कारणांनी राज्ये लयाला जातात, असे त्याचे प्रतिपादन होते. पहिली तीन कारणे कोणालाही दिसतात. चौथे मात्र संथपणे काम करते आणि त्यामुळे विचारी माणसांखेरीज इतरांच्या लक्षात येत नाही, असे त्याने बजावले होते.

पाच शतकांनंतर परकीय कर्जाच्या चर्चेत हाच मुद्दा कळीचा ठरतो. एखाद्या देशाने परदेशातून किती कर्ज घेतले, हा आकडा ठळकपणे छापला जातो. ते कर्ज कोणत्या चलनात आहे, ते फेडण्यासाठी लागणारे उत्पन्न कोणत्या चलनात मिळते आणि दोन्ही चलनांमधील अंतर वाढल्यास तोटा कोणी सोसायचा, हे प्रश्न सहसा मागे राहतात. भारताचा आणि विशेषतः महाराष्ट्राचा अनुभव असा, की संकटाचे मूळ बहुतेक वेळा याच प्रश्नांत होते.

परकीय कर्ज म्हणजे काय?

देशातील रहिवाशांनी अनिवासींना देणे असलेली आणि मुद्दल किंवा व्याजाच्या रूपाने फेडावी लागणारी एकूण रक्कम म्हणजे परकीय कर्ज. यात ‘रहिवासी’ हा शब्द महत्त्वाचा आहे. परकीय कर्ज म्हणजे केवळ सरकारने घेतलेले कर्ज नव्हे. खासगी कंपन्यांनी परदेशी बँकांकडून घेतलेली कर्जे, आयातदारांना मिळालेली उधारी, परदेशी गुंतवणूकदारांनी विकत घेतलेले भारतीय कर्जरोखे आणि अनिवासी भारतीयांच्या बँकांमधील ठेवी यांचाही त्यात समावेश होतो. समभागांतील परकीय गुंतवणूक मात्र कर्जात मोडत नाही, कारण ती परत करण्याचे बंधन कोणावर नसते.

रिझर्व्ह बँकेच्या आकडेवारीनुसार मार्च २०२५ अखेर भारतावर ७३६.३ अब्ज डॉलरचे परकीय कर्ज होते. सकल देशांतर्गत उत्पादनाशी त्याचे प्रमाण १९.१ टक्के होते. त्यात सरकारचा वाटा सुमारे २३ टक्के, तर बिगर-वित्तीय कंपन्यांचा ३५ टक्क्यांहून अधिक होता. म्हणजेच या कर्जाचा मोठा भाग खासगी क्षेत्राने घेतलेला आहे.

अनिवासी भारतीयांच्या ठेवी सुमारे १६५ अब्ज डॉलर होत्या. आखाती देशात नोकरी करणाऱ्या रत्नागिरीच्या एखाद्या तरुणाने घरखर्चासाठी पैसे पाठवले, तर ते देशाचे चालू उत्पन्न ठरते आणि ते परत करावे लागत नाहीत. तेच पैसे त्याने स्वतःच्या अनिवासी खात्यात ठेवले, तर ते देशाचे परकीय कर्ज ठरते, कारण तो ते केव्हाही परत नेऊ शकतो. खातेदाराच्या दृष्टीने जी बचत असते, तीच देशाच्या ताळेबंदात देणे म्हणून नोंदली जाते.

चलनाचा प्रश्न

रुपयात घेतलेले कर्ज रुपयातच फेडायचे असते. डॉलरमध्ये घेतलेल्या कर्जाचे तसे नसते. जुलै १९९१ च्या अवमूल्यनापूर्वी एका डॉलरसाठी सुमारे २१ रुपये मोजावे लागत. १ आणि ३ जुलै अशा दोन टप्प्यांत अवमूल्यन झाल्यावर हा दर २६ रुपयांच्या जवळ गेला. त्यामुळे एक अब्ज डॉलरचे जे कर्ज जूनअखेर सुमारे २,१०० कोटी रुपयांचे होते, ते आठवडाभरात सुमारे २,६०० कोटींचे झाले. कर्जदाराने एक पैसाही नव्याने उचललेला नव्हता. डिसेंबर २०२४ मध्ये डॉलरचा दर ८५ रुपयांच्या पुढे गेला.

हा धोका केवळ कर्जदारालाच असतो असे नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने भारतातून घेतलेल्या मालाचे आणि सेवांचे पैसे रोख चुकते न करता लंडनमध्ये पौंडांत जमा दाखवले. युद्ध संपेपर्यंत ब्रिटन भारताचे सुमारे १.३ अब्ज पौंड देणे लागत होता. महाडजवळच्या नाते येथे जन्मलेले आणि रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झालेले चिंतामणराव देशमुख जुलै १९४४ मध्ये ब्रेटन वूड्स परिषदेतील भारतीय शिष्टमंडळाचे सदस्य होते. या पौंड शिलकेचा प्रश्न शिष्टमंडळाने परिषदेत मांडला, परंतु तो आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या कक्षेबाहेर ठेवण्यात आला. सप्टेंबर १९४९ मध्ये ब्रिटनने पौंडाचे मूल्य ४.०३ डॉलरवरून २.८० डॉलरवर आणले. भारताच्या खात्यात उरलेल्या पौंडांची संख्या तीच राहिली, पण त्यांत मिळणारे अमेरिकी धान्य आणि यंत्रसामग्री सुमारे तीस टक्क्यांनी घटली. धनकोचाही तोटा होतो, तो असा.

पुढील काळात भारत कर्जदार झाला. पंचवार्षिक योजनांसाठी यंत्रसामग्री आयात करावी लागत होती. १९५८ मध्ये भारताला साहाय्य करणाऱ्या देशांचा गट जागतिक बँकेच्या पुढाकाराने स्थापन झाला. दोन युद्धे आणि दुष्काळ यांच्या पार्श्वभूमीवर ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन करून डॉलरचा दर ४.७६ रुपयांवरून ७.५० रुपये करण्यात आला. परकीय देण्याचा रुपयांतील भार एका रात्रीत दीडपटीहून अधिक झाला.

१९९१ चा धडा

ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेतवर आक्रमण केले आणि खनिज तेल महागले. आखातातून पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीयांना मायदेशी आणावे लागले आणि त्यांच्याकडून येणारा पैसा थांबला. पतमानांकन घसरल्याने परदेशी बँका अल्पमुदतीची कर्जे पुन्हा द्यायला तयार होईनात. अनिवासी भारतीयांनीही ठेवी काढून घेण्यास सुरुवात केली. जून १९९१ मध्ये परकीय गंगाजळी जेमतेम दोन आठवड्यांच्या आयातीपुरती उरली होती.

त्या वेळी कर्जाचा एकूण आकडा आजच्या तुलनेत लहान होता. मार्च १९९१ अखेर तो ८३.८ अब्ज डॉलर होता. धोका त्याच्या रचनेत होता. चालू परकीय उत्पन्नापैकी ३५.३ टक्के रक्कम मुद्दल आणि व्याजापोटी जात होती. अल्पमुदतीचे कर्ज गंगाजळीच्या १४६.५ टक्के होते. तिजोरीत शंभर रुपये असताना वर्षभरात दीडशे रुपयांचे सावकार दारात उभे राहणार, अशी ती स्थिती होती.

मे महिन्यात २० टन सोने परत खरेदीच्या अटीवर स्वित्झर्लंडमधील बँकेला विकून सुमारे २० कोटी डॉलर उभारण्यात आले. जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेने सुमारे ४७ टन सोने मुंबईतून विमानाने बाहेर पाठवले आणि बँक ऑफ इंग्लंड व बँक ऑफ जपान यांच्याकडून ४० कोटी ५० लाख डॉलर घेतले. घरातील दागिना गहाण पडण्याचा अर्थ भारतीय माणसाला समजावून सांगावा लागत नाही. या घटनेचा जनमानसावर झालेला परिणाम मिळालेल्या रकमेच्या मानाने कितीतरी मोठा होता. ते कर्ज त्याच वर्षी फेडण्यात आले. २००९ मध्ये रिझर्व्ह बँकेने नाणेनिधीकडून २०० टन सोने विकत घेतले.

मार्च २०२५ मध्ये परतफेडीचे प्रमाण चालू परकीय उत्पन्नाच्या ६.६ टक्के आणि अल्पमुदतीच्या कर्जाचे गंगाजळीशी प्रमाण २०.१ टक्के होते. कर्जाचा आकडा जवळपास नऊपट झाला असूनही देशाची स्थिती १९९१ पेक्षा बरीच सुरक्षित का मानली जाते, याचे उत्तर या दोन प्रमाणांत आहे. शिवाय तेव्हा कर्जापैकी ३१ टक्क्यांहून अधिक भाग रुपयात होता आणि अशा कर्जावरील विनिमयाचा धोका परदेशी धनकोकडे जातो. मात्र डॉलरमधील कर्ज तेव्हाही ५४ टक्क्यांच्या वर होते. मूळ मुदत मोठी असली तरी वर्षभरात फेडायची असलेली कर्जे हिशेबात घेतली, तर एकूण कर्जाचा सुमारे दोन पंचमांश भाग अल्पमुदतीचा ठरत होता. त्यामुळे पुरेशी गंगाजळी बाळगण्याला पर्याय राहत नाही.

राज्ये आणि परकीय कर्ज

राज्यघटनेच्या २९२ व्या अनुच्छेदानुसार परदेशातून कर्ज घेण्याचा अधिकार केंद्र सरकारला आहे. २९३ व्या अनुच्छेदाने राज्यांना भारताच्या हद्दीतच कर्ज उभारण्याची मुभा दिली आहे. त्यामुळे जागतिक बँक, आशियाई विकास बँक किंवा जपानची आंतरराष्ट्रीय सहकार्य संस्था ‘जायका’ यांच्याकडून राज्याच्या प्रकल्पासाठी कर्ज हवे असल्यास प्रस्ताव दिल्लीत केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या आर्थिक व्यवहार विभागाकडे येतो. करार केंद्र करते आणि पैसा राज्याकडे जातो.

२००५ पर्यंत विनिमय दरातील चढउताराचा भार केंद्र सोसत असे. बाराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनंतर सर्वसाधारण श्रेणीतील राज्यांना ज्या अटींवर कर्ज मिळते, त्याच अटींवर ते पुढे दिले जाऊ लागले. व्याजाचा कमी दर आता राज्याला मिळतो आणि रुपया घसरल्यास होणारा तोटाही राज्यालाच सोसावा लागतो.

प्रत्यक्ष कर्ज न घेताही परकीय चलनाचे ओझे राज्याच्या अंगावर कसे येऊ शकते, याचे उदाहरण म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यातील दाभोळ वीज प्रकल्प. अमेरिकेच्या एन्रॉन कंपनीच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या या प्रकल्पाशी महाराष्ट्र राज्य वीज मंडळाने डिसेंबर १९९३ मध्ये वीजखरेदी करार केला. विजेचा दर डॉलरशी आणि इंधनाच्या आंतरराष्ट्रीय किमतीशी बांधलेला होता. मंडळाच्या देण्याला राज्य सरकारची हमी होती आणि त्या हमीला केंद्राची प्रतिहमी होती.

करार झाला तेव्हा डॉलर सुमारे ३१ रुपयांना मिळत होता. २००१ पर्यंत तो ४७ रुपयांच्या आसपास पोहोचला. मे १९९९ मध्ये ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा सुरू झाल्यानंतर नाफ्त्याच्या किमतीही वाढल्या. मंडळाचे उत्पन्न राज्यातील ग्राहकांच्या वीजबिलांतून रुपयांत येत होते आणि देणे मात्र डॉलरच्या मापाने वाढत होते. बिले थकली. फेब्रुवारी २००१ मध्ये कंपनीने केंद्राची प्रतिहमी वटवण्याची मागणी केली आणि मे महिन्यात मंडळाने करार रद्द केला. माधव गोडबोले समितीने कराराच्या अटींवर कठोर ताशेरे ओढले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये एन्रॉन दिवाळखोरीत गेली. प्रकल्प अनेक वर्षे बंद राहिला. २००५ मध्ये एनटीपीसी आणि गेल यांच्या सहभागाने स्थापन झालेल्या रत्नागिरी गॅस अँड पॉवर कंपनीकडे तो आला.

दाभोळमधून निघालेला निष्कर्ष स्पष्ट आहे. हमी देताना तिजोरीतून काहीच जात नाही आणि म्हणूनच ती स्वस्त वाटते. तिची खरी किंमत मूळ कर्जदार अडचणीत आल्यावर कळते.

अटल सेतूचे कर्ज

हमी आणि प्रतिहमीची हीच साखळी पुढे महाराष्ट्रातील आणखी एका मोठ्या प्रकल्पासाठी वापरली गेली. आर्थिकदृष्ट्या सक्षम असलेल्या राज्य सरकारी संस्थांना परदेशी विकास संस्थांकडून थेट कर्ज घेऊ देण्याचे धोरण केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०१७ मध्ये मंजूर केले. वार्षिक उत्पन्न एक हजार कोटी रुपयांहून अधिक आणि प्रकल्पखर्च पाच हजार कोटींहून अधिक असावा, अशी अट होती. त्यानुसार मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाला शिवडी-न्हावा शेवा सागरी सेतूसाठी ‘जायका’कडून थेट कर्ज घेता आले. त्या वेळच्या अंदाजानुसार १७,८५४ कोटी रुपयांच्या खर्चापैकी १५,१०९ कोटी, म्हणजे सुमारे ८५ टक्के रक्कम कर्जातून येणार होती. परतफेडीची हमी राज्य सरकारची आणि प्रतिहमी केंद्राची होती. १२ जानेवारी २०२४ रोजी या २१.८ किलोमीटर लांबीच्या अटल सेतूचे उद्घाटन झाले.

दाभोळ आणि अटल सेतू यांत मूलभूत फरक आहे. सेतूचे कर्ज दीर्घ मुदतीचे आणि कमी व्याजाचे आहे. त्यातून सार्वजनिक मालकीची मत्ता उभी राहिली आहे आणि खासगी कंपनीच्या नफ्याची हमी त्यात नाही. साम्य एका बाबतीत उरते. पथकर रुपयांत जमा होतो आणि कर्ज येनमध्ये फेडायचे आहे.

२०२४ च्या मध्यापर्यंत येनचा कल कर्जदारांच्या बाजूने राहिला. २०१७ मध्ये एका डॉलरला सुमारे ११० येन मिळत होते, २०२४ च्या मध्यास ते १६० च्या पुढे गेले. डॉलरपुढे रुपया घसरला असला तरी येन त्याहून अधिक घसरल्याने रुपयांच्या हिशेबात येनचे कर्ज वाढले नाही, उलट काहीसे हलके झाले. परंतु याच्या उलटही घडलेले आहे. १९८५ च्या आरंभी डॉलरला सुमारे २५० येन मिळत होते आणि एप्रिल १९९५ मध्ये ते ८० च्या खाली आले. त्या दशकात येनमध्ये कर्ज घेतलेल्या आशियाई देशांचे देणे डॉलरच्या हिशेबात तिपटीवर गेले. तीस-चाळीस वर्षांच्या मुदतीत चलनाची दिशा काय राहील, हे कोणत्याही अर्थ मंत्रालयाच्या हाती नसते.

एकाचे कर्ज, अनेकांची अडचण

एका देशाच्या कर्जाचे परिणाम त्याच्या सीमेत थांबत नाहीत. १९७० च्या दशकात तेलउत्पादक देशांचा पैसा पाश्चात्त्य बँकांमार्फत लॅटिन अमेरिकेला बदलत्या व्याजदराने कर्जाऊ गेला. महागाई रोखण्यासाठी अमेरिकेने १९८० च्या आसपास व्याजदर २० टक्क्यांपर्यंत नेले आणि या कर्जांचे हप्ते फुगले. ऑगस्ट १९८२ मध्ये मेक्सिकोने परतफेड शक्य नसल्याचे जाहीर केले. त्या खंडासाठी ते दशक गमावलेले दशक ठरले. कर्जदार देशांनी आयात कापली, तेव्हा त्यांना माल विकणाऱ्या अमेरिकी कारखान्यांचीही मागणी घटली आणि कर्ज देणाऱ्या बड्या बँका डळमळल्या.

श्रीलंकेचे उदाहरण अगदी अलीकडचे आणि जवळचे आहे. करकपात, कोविडमुळे बुडालेले पर्यटन आणि परकीय रोख्यांची देणी एकत्र आल्यावर १२ एप्रिल २०२२ रोजी त्या देशाने परकीय कर्जाची परतफेड स्थगित केली. डॉलरअभावी जीवनावश्यक वस्तूंचे कंटेनर कोलंबो बंदरात अडकले आणि इंधनासाठी रांगा लागल्या. भारताने त्या वर्षी सुमारे चार अब्ज डॉलरचे साहाय्य केले. मार्च २०२३ मध्ये नाणेनिधीने सुमारे तीन अब्ज डॉलरचा कार्यक्रम मंजूर केला. शेजारी देशाकडे डॉलर उरले नाहीत, की तेथील बँका आयातीची पतपत्रे उघडू शकत नाहीत. मग त्याला कांदा, औषधे किंवा वाहने विकणाऱ्या भारतीय निर्यातदारांनाही झळ लागते.

जागतिक बँकेच्या अहवालानुसार २०२३ अखेर अल्प आणि मध्यम उत्पन्न देशांवर एकूण ८.८ लाख कोटी डॉलरचे परकीय कर्ज होते. त्या वर्षी विकसनशील देशांनी परतफेडीपोटी विक्रमी १.४ लाख कोटी डॉलर मोजले आणि त्यांपैकी ४०६ अब्ज डॉलर केवळ व्याजाचे होते. शिक्षण किंवा आरोग्य यांपेक्षा व्याजावर अधिक खर्च करणाऱ्या देशांत ३.३ अब्ज लोक राहतात, असे संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार व विकास परिषदेने २०२४ मध्ये नमूद केले.

तोडगा कोणाच्या हाती?

कंपनी बुडाल्यास दिवाळखोरीचे न्यायालय असते. देशासाठी तसे न्यायालय नाही. धनकोंशी वाटाघाटी करणे हाच मार्ग उरतो. १९५३ च्या लंडन करारात पश्चिम जर्मनीचे सुमारे निम्मे कर्ज माफ झाले आणि उरलेल्याची परतफेड तिच्या निर्यातक्षमतेच्या मर्यादेत ठेवण्यात आली. कर्जदार कमावता राहिला तरच धनकोला पैसे मिळतात, हे तत्त्व त्यामागे होते.

आज धनकोंची संख्या आणि प्रकार वाढले आहेत. पाश्चात्त्य सरकारांच्या पॅरिस क्लबबरोबर आता चीन, भारत आणि खासगी रोखेधारकही आहेत. कोणी आधी सवलत द्यायची, यावर वाटाघाटी अडतात. जी-२० गटाने नोव्हेंबर २०२० मध्ये यासाठी सामायिक चौकट स्वीकारली. त्याच महिन्यात हप्ता चुकवलेल्या झांबियाला या चौकटीतून दिलासा मिळण्यास काही वर्षे लागली. भारताच्या अध्यक्षपदाच्या काळात, फेब्रुवारी २०२३ मध्ये, नाणेनिधी व जागतिक बँक यांच्यासह सार्वभौम कर्जविषयक जागतिक गोलमेजाची सुरुवात बंगळूरू येथे झाली. एके काळी साहाय्य मागणारा भारत तेथे धनको म्हणूनही बसला होता.

कर्ज घेणे हा मुळात दोष नाही. बंदरे, मेट्रो आणि पूल एका वर्षाच्या महसुलातून उभे राहत नाहीत आणि त्यांचा लाभ पुढील पिढ्यांना मिळत असल्याने खर्चाचा वाटा त्यांनी उचलण्यातही गैर काही नाही. मात्र त्या पिढ्या आज सही करायला उपस्थित नसतात. म्हणून त्यांच्या वतीने सही करणाऱ्यांनी चार प्रश्नांची उत्तरे करारापूर्वी जाहीर करणे योग्य ठरते. कर्ज कोणत्या चलनात आहे? ते कधी फेडायचे आहे? त्यातून उभी राहणारी मत्ता ते फेडण्याइतके उत्पन्न देईल काय? आणि न दिल्यास हमी कोणाची? दाभोळच्या वेळी या प्रश्नांची उत्तरे करार झाल्यानंतर सात-आठ वर्षांनी शोधली गेली आणि तोपर्यंत बिले वीज मंडळाच्या दारी येऊन पडली होती.